आमच्या घरी डॉल्बी येते!

आमच्या शेलूबाजारात ‘डॉल्बी’ हा शब्द शाळेत न गेलेल्या पोरालाही ठाऊक आहे. गणपती विसर्जनाला किंवा वरातीला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर माणसाच्या दुप्पट उंचीची कर्ण्यांची जी भिंत येते, जिच्या धक्क्याने फडताळातल्या कपबशा आपोआप नाचू लागतात आणि गोठ्यातली गाय दाव्याला हिसके देते, ती डॉल्बी. तेव्हा गेल्या वर्षी “आमच्या घरी दिवाळीत डॉल्बी येणार!” ही बातमी धाकट्या चिरंजीवांनी आळीत फोडली, त्याच संध्याकाळी समोरच्या काकू पदर सावरीत आल्या आणि म्हणाल्या, “अहो, सूनबाई बाळंतपणाला आली आहे हो आमची. जरा आमचाही विचार करा.”

काकूंना चहा देऊन मी एक गोष्ट सांगितली, ती त्यांना खरी वाटली नाही. रे डॉल्बी या गृहस्थाने १९६५ साली लंडनमध्ये जी कंपनी काढली ती गोंगाट करण्यासाठी नव्हे, तर कमी करण्यासाठी. ध्वनिमुद्रणाच्या फितीवर गाण्याबरोबर जी बारीक ‘सूं सूं’ खरखर येई, ती दाबून टाकण्याची युक्ती त्याने शोधली. ज्याने कंपनीची सुरुवात नको तो आवाज पुसण्यापासून केली, त्याचे नाव आपण महाराष्ट्रात नेमके कशाला दिले पाहा! मी शाळेत पदार्थविज्ञान शिकवते, त्यामुळे अशा गोष्टींचा मला जरा जास्तच राग येतो.

आमच्या घरी यायचे होते ते ट्रॉलीवरचे प्रकरण नव्हते. दूरदर्शन संचाशेजारी ठेवायचे एक काळे यंत्र आणि त्याला जोडायचे काही स्पीकर, ज्याला बाजारात होम थिएटरचा ए. व्ही. रिसीव्हर म्हणतात, ते होते. पण हा शब्दही इकडे कोणाच्या ओळखीचा नाही. शेलूबाजार हे वाशीम जिल्ह्यातल्या मंगरुळपीर तालुक्यातले चौफुलीचे गाव. एक रस्ता कारंज्याकडे, एक मालेगावकडे, एक मंगरुळपीरला आणि एक अकोल्याला. आता तर समृद्धी महामार्गावर चढण्या-उतरण्याची जागाही आमच्या दाराशी आली आहे. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डीचा पहिला टप्पा सुरू झाला तेव्हापासून मुंबई-नागपूरच्या गाड्या गावाला ओझरता नमस्कार करून जातात. चौफुलीवर फवारणीच्या पंपापासून मोबाइलच्या काचेपर्यंत सगळे मिळते. तिथल्या दुकानात मी “रिसीव्हर दाखवा” म्हटले, तर दुकानातला मुलगा आदराने म्हणाला, “ताई, कोन्त्या डिशचा पायजे?”

पण मुळात हा खटाटोप कशासाठी? आमच्या मामंजींसाठी. वय वर्षे ब्याऐंशी. शेती, भजनी मंडळ आणि सिनेमा अशा तीन गोष्टींवर जन्म काढलेला माणूस. तंबूतल्या सिनेमापासून अकोल्याच्या टॉकीजपर्यंत त्यांनी काय काय पाहिले याची यादी ते आजही सालासकट सांगतात. रात्री जेवणे झाली की आम्ही सगळी बैठकीत जमतो आणि काहीतरी लावतो. वर्षा-दोन वर्षांपासून असे होऊ लागले, की पडद्यावर कोणी बोलले की मामंजी शेजारच्याला विचारीत, “काय म्हनला थो?” शेजारचा सांगे, तोवर पुढचे वाक्य निघून जाई. मुले कंटाळत, “आबाजी, थांबा ना!” म्हणत. मग मामंजींनी विचारणे सोडले. मग ते पहिल्या अर्ध्या तासातच “झोप आली” म्हणून उठू लागले. आत जाऊन पाहावे, तर अंधारात डोळे उघडे ठेवून पडलेले असत.

आवाज मोठा करून पाहिला नव्हता असे नाही. संचाचा आवाज शेवटच्या आकड्यापर्यंत नेला, की सासूबाई स्वयंपाकघरातून ओरडत आणि मामंजी मात्र म्हणत, “आवाज येतो, बोलनं समजत नाही.” या एका वाक्यात सगळे शास्त्र भरलेले आहे, हे मला कानाच्या डॉक्टरांकडे गेल्यावर कळले.

डॉक्टरांनी त्यांच्या श्रवणाचा आलेख काढला. खालच्या स्वरांकडे रेघ बऱ्यापैकी सरळ होती आणि वरच्या स्वरांकडे ती घाटातल्या रस्त्यासारखी उतरत गेली होती. वयोमानाने येणारा बहिरेपणा बहुधा असाच, वरच्या पट्टीकडून सुरू होतो. आता आपली भाषा कशी आहे पाहा. अ, आ, ओ या स्वरांचा जोर खालच्या कंपनांत, सेकंदाला हजाराच्या आतबाहेर असतो. पण क, ट, च, स, श या व्यंजनांची ओळख पटते ती दोन हजारांच्या वरच्या कंपनांवर, आणि तीही अगदी क्षीण असतात. स्वर ऐकू आला आणि व्यंजन गळाले, तर काळ, टाळ, चाळ हे तिन्ही शब्द सारखेच. माणसाला आवाज येतो आणि बोलणे समजत नाही ते यामुळे. त्यात हल्लीचे संच इतके पातळ, की त्यांचे कर्णे पुढे तोंड करून बसूच शकत नाहीत. ते खाली किंवा मागे भिंतीकडे बोलतात. भिंतीवर आपटून, खोलीत घुमून जे आपल्यापर्यंत येते, त्यात व्यंजनांचा कोंडा होऊन गेलेला असतो.

कानातले यंत्र डॉक्टरांनी सांगितले, तेही घेतले, आणि वाचकांपैकी कोणाच्या घरी असा प्रश्न असेल तर पहिली पायरी तीच. रिसीव्हर म्हणजे काही औषध नव्हे. दिवसभर मामंजी ते यंत्र घालतात. पण रात्री ते काढून ठेवतात. दिवसभर घालून कान ठणकतो म्हणतात. थोरल्या मुलीने बिनतारी हेडफोन सुचवला. दोन रात्री त्यांनी तो घातला आणि तिसऱ्या रात्री खुंटीला अडकवला. “तुम्ही सगळे एका घरात अन् मी दुसऱ्याच घरात बसल्यावानी वाटते,” म्हणाले. यावर कोणाला काही बोलता आले नाही.

मग एका रविवारी आमच्या ‘ह्यां’नी सोयाबीनच्या पैशांतले ४५ हजार बाजूला काढले आणि खरेदीचे खाते माझ्याकडे आले. शास्त्र शिकवणाऱ्या बायकोचा संसारात असा उपयोग क्वचितच होतो.

संचाखाली ठेवायची एकसंध पट्टी, जिला साउंडबार म्हणतात, तिचा विचार आम्ही आधी केला. ज्यांचे अंदाजपत्रक १५ हजारांच्या आत आहे, ज्यांची खोली लहान आहे आणि ज्यांना वायरी नकोत, त्यांनी ती खुशाल घ्यावी. फक्त तिच्यात बोलण्यासाठी मधला स्वतंत्र कर्णा आहे की नाही हे पाहून घ्यावे. पण तिच्यात सगळेच एका पोटात असते. एक भाग बिघडला की बहुधा सगळी पट्टी टाकायची. रिसीव्हर हे मळणीयंत्रासारखे सुटे प्रकरण आहे: आज तीन स्पीकर लावा, पुढल्या हंगामात दोन वाढवा, एक बिघडला तर तेवढाच बदला. खेड्यात राहणाऱ्याला हा फायदा फार मोठा वाटतो.

रिसीव्हर करतो काय? सिनेमाच्या ध्वनिपट्टीत आता अनेक स्वतंत्र ओळी असतात. ‘५.१’ म्हणतात त्यात डावी, उजवी, मधली, मागच्या दोन आणि खर्जासाठी एक. संवाद जवळजवळ सगळे मधल्या ओळीत असतात. संचाला दोनच कर्णे, त्यामुळे तो या साऱ्या ओळींची खिचडी करून वाढतो. पावसात, पार्श्वसंगीतात आणि घोड्यांच्या टापांत बोलणे बुडते. रिसीव्हर या ओळी वेगळ्या ठेवतो, प्रत्येकीला तिचा स्पीकर देतो आणि, आमच्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे, प्रत्येकीचा आवाज स्वतंत्रपणे कमीजास्त करू देतो. टापा आहेत तिथेच ठेवून माणसाचे बोलणे तेवढे वर उचलता येते. मी खूणगाठ बांधली ती याच गोष्टीची. आमच्या घराला पाच, सात किंवा नऊ स्पीकरांची गरज नव्हती. एका चांगल्या मधल्या स्पीकरची होती. रिसीव्हर घ्यायचा तो त्याचा सेवक म्हणून.

ही खूणगाठ घेऊन आम्ही एका मोठ्या शहरातल्या मोठ्या दुकानात गेलो. दुकानाचे नाव सांगत नाही, विक्रेता तरुण होता आणि पोटासाठी बोलत होता. त्याने आम्हाला अंधाऱ्या खोलीत बसवून एक विमान डोक्यावरून नेले, एक इमारत पाडली आणि विचारले, “कसं वाटलं?” मी म्हटले, “आता दोन माणसे नुसती बोलत बसली आहेत असे काहीतरी लावा.” त्याच्याकडे तसे काही नव्हते! शेवटी मोबाइलवरून एका मराठी नाटकाचा प्रवेश लावला. वाचकहो, खरेदीला जाल तेव्हा हे अवश्य करा. विमान कोणत्याही यंत्रावर चांगलेच वाटते.

पुढची चर्चा वॅटची. हा वॅट म्हणजे आपल्याकडच्या ग्राहकाला लागलेली जुनी साडेसाती. १९९० च्या दशकात बैलगाडीतून नेता येतील एवढ्याशा टेपरेकॉर्डरांवर ‘१००० वॅट पी.एम.पी.ओ.’ असे छापलेले असे; त्या आकड्याला शास्त्राचा काहीच आधार नव्हता. आजचे छापील आकडे तितके बेशरम नाहीत, पण भोळेही नाहीत. एकाच रिसीव्हरच्या माहितीपत्रकात मला एके ठिकाणी १३० वॅट आणि दुसऱ्या ठिकाणी ७० वॅट दिसले. दोन्ही खरे. पहिला आकडा एकच स्पीकर चालू, तो ६ ओहमचा, एकच स्वर आणि आवाजात दहा टक्के विकृती चालेल अशा अटींवर. दुसरा दोन स्पीकर, ८ ओहमचे, वीसपासून वीस हजार कंपनांपर्यंतचे सगळे स्वर आणि एक दशांश टक्क्याहूनही कमी विकृती या अटींवर. पहिला आकडा खोक्यावर मोठ्या अक्षरांत असतो आणि दुसरा आतल्या पानावर मुंगीएवढ्या. आपण मुंगी शोधावी.

आणि खरे सांगायचे तर लागतात तरी किती वॅट? साधारण स्पीकरला एक वॅट दिला, तर एक मीटरवर ८५ ते ९० डेसिबल आवाज येतो. ८८ धरा. तीन मीटरवर, म्हणजे भिंतीशी टेकून बसलेल्या माणसाजवळ, तो मोकळ्या हवेत ७८ च्या आसपास उरतो. समोरासमोरच्या गप्पा ६० ते ६५ डेसिबलच्या असतात. म्हणजे एका वॅटमध्येच पडद्यावरचा माणूस आपल्या खोलीतल्या माणसाहून चढ्या आवाजात बोलतो! दहा वॅट दिले तर आवाज दहा डेसिबलने चढतो आणि कानाला सुमारे दुप्पट वाटतो. वॅट दुप्पट केले, ५० चे १०० केले, तर वाढतात फक्त तीन डेसिबल. या तीन डेसिबलांसाठी दुकानदार १० हजार जास्त मागतो. आमच्या शेजारच्या काकूंना मी हेही सांगितले, की निवासी भागात २००० सालच्या नियमांप्रमाणे दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. त्या म्हणाल्या, “हे त्या वरातीवाल्यांना सांगा.”

मामंजींना ही वॅटची कथा मी सांगितली तेव्हा त्यांनी एक सुंदर गोष्ट सांगितली. तंबूतल्या सिनेमाला बांबूवर एक भोंगा बांधलेला असे. यंत्र जुनेपाने, पण शेवटच्या रांगेत मातीवर बसलेल्यालाही शब्दन्‌शब्द ऐकू जाई. तंबूबाहेर झाडावर बसून फुकट ऐकणारेही असत. ते बरोबरच आहे. भोंग्याचा तो पसरत जाणारा आकार थोड्या शक्तीत पुष्कळ आवाज काढतो, आणि खर्ज त्याला जमतच नाही. त्याला जमतात त्या मधल्या-वरच्या पट्ट्या, म्हणजे नेमकी व्यंजने. गाणे त्यातून पत्र्यासारखे वाजे, पण बोलणे स्पष्ट असे. मुलांना ज्या थरारक खर्जाचे वेड आहे तो आजोबांच्या काही कामाचा नाही, हे यावरून घरात सर्वांना पटले आणि खर्जाचा ठोकळा, त्याला सबवूफर म्हणतात, यादीतून कापला गेला. धाकट्याने दोन दिवस माझ्याशी अबोला धरला.

याच सुमारास पुण्याच्या जाऊबाईंचा फोन आला. त्यांचा मुलगा अमेरिकेत न्यू जर्सीला असतो आणि दिवाळीत येणार होता. “तिकडे ही यंत्रे किती स्वस्त असतात! येताना घेऊन येईल.” पुतण्याचे मन मोठे, यात शंका नाही. पण तिकडची वीज १२० व्होल्टची, आपली २३०. तिकडचे यंत्र आपल्या भिंतीतल्या खाचेत खुपसले तर पहिल्याच क्षणी त्याचे भस्म होण्याची शक्यता जास्त. मध्ये व्होल्ट उतरवणारा ट्रान्स्फॉर्मर ठेवावा लागतो. तो जड, तापणारा आणि पुष्कळदा घूं घूं करणारा. शिवाय तिकडच्या हमीपत्राची इथे रद्दी होते, आणि सात-आठ किलोचे धूड विमानात आणायचे ते वेगळेच. त्यापेक्षा मुलाने येताना हसतमुखाने यावे आणि पुरणपोळी खाऊन जावे, असे मी जाऊबाईंना कळवले.

जुने यंत्र घ्यावे का, हाही प्रश्न आला, आणि ज्यांचा हात आखडता आहे त्यांना मी ‘हो’ म्हणेन. लोकांची समजूत अशी, की दहा वर्षांपूर्वीच्या रिसीव्हरमधून आजचे ४के चित्र जात नाही, म्हणून तो निकामी. पण चित्र त्याच्यातून न्यायचेच कशाला? डिशचा डबा आणि इंटरनेटची कांडी थेट संचाला जोडा, आणि संचातून फक्त आवाज प्रकाशाच्या बारीक तारेने, ज्याला ऑप्टिकल म्हणतात, रिसीव्हरला द्या. ५.१ चा साधा डॉल्बी आवाज त्या तारेतून व्यवस्थित जातो. जुने यंत्र घेताना ते तासभर चालू ठेवून पाहावे, आवाजाचे बटण फिरवताना खरखरते का ते ऐकावे आणि जाळीशी नाक नेऊन जळका वास येतो का ते हुंगावे. आम्ही मात्र नवे घेतले, कारण हमीपत्राशिवाय आमचे ‘हे’ चमचाही विकत घेत नाहीत.

यामाहा, डेनॉन, सोनी अशी नावे फिरून फिरून समोर येत होती. मी कंपनीपेक्षा चार गोष्टी पाहत गेले. मधल्या स्पीकरचा आवाज रिमोटवरून चटकन वाढवता येतो का. संचातला आवाज उलट्या वाटेने घेणारी ‘ए.आर.सी.’ची खाच आहे का, म्हणजे एकाच तारेत काम भागते आणि संचाचाच रिमोट चालतो. दुरुस्तीचे केंद्र अकोला किंवा नागपूरच्या पलीकडे नाही ना. आणि रात्रीसाठी आवाज सपाट करण्याची सोय आहे का. ही शेवटची सोय फार कमी लोक वापरतात. ती कुजबूज वर उचलते आणि धमाका खाली दाबते. बाळंतीण शेजारी असताना तिच्याइतकी उपयुक्त वस्तू नाही. काही यंत्रांबरोबर एक छोटा माइक येतो. तो बसण्याच्या जागी ठेवला की यंत्र सूं-सां आवाज काढून प्रत्येक स्पीकरचे अंतर आणि जोर स्वतः मोजते. चांगली गोष्ट आहे. पण आम्ही घेतलेल्या स्वस्त मॉडेलात ती नव्हती आणि तिच्यासाठी जास्त पैसे मोजायला मी तयार झाले नाही. तीनच स्पीकर असताना शिंप्याची फीत पुरते. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे तीन मीटरला नऊ सहस्रांश सेकंद. अंतरे मोजून यंत्राला सांगितली की तो हिशेब ते स्वतः करते.

अशा रीतीने सुमारे २५ हजारांचा रिसीव्हर, १५ हजारांचे तीन स्पीकर, आणि उरलेल्या ५ हजारांत वायर, स्टॅबिलायझर व इतर सटरफटर, असा हिशेब बसला. पुष्कळ लोक याच्या उलट करतात, यंत्रावर ४० घालवतात आणि स्पीकर रस्त्यावरचे आणतात. म्हणजे तबला उस्तादाचा आणि शाई कोळशाची!

विजेबद्दल खेड्यातल्या वाचकांसाठी दोन शब्द. रब्बीत विहिरींवरच्या मोटारी सुरू झाल्या की संध्याकाळी आमचा पंखा दमेकऱ्यासारखा फिरतो. मग मध्येच व्होल्टेज उसळते. हा हेलकावा यंत्राला मानवत नाही. रिसीव्हर आणि संच मिळून भार फार नसतो, त्यामुळे चांगला छोटा स्टॅबिलायझर पुरतो. इन्व्हर्टर घेणार असाल तर ‘साइन वेव्ह’चा घ्या, स्वस्तातला चौकोनी लाटेचा असतो आणि स्पीकरमधून घूं घूं ऐकवतो. आणि रोहिण्यांत आभाळ गडगडू लागले की सगळ्या पिना काढून ठेवाव्यात. डिशची तारसुद्धा.

यंत्र आले, पण मी ते चार दिवस खोक्यातून काढू दिले नाही. आधी खोलीचे काम होते. आमची बैठक बारा बाय सोळाची, खाली गुळगुळीत फरशी, वर स्लॅब, भिंती प्लास्टरच्या आणि उघड्या. मध्यभागी उभे राहून मी टाळी वाजवली, तर टाळीच्या मागे बारीक ‘र्‍र्‍र्’ असा झणत्कार उठला. हाच तो व्यंजनांचा वैरी. स्पीकर कितीही चांगला आणा, पहिल्या शब्दाचा घुमारा दुसऱ्या शब्दावर बसणार. शहरात यावर महागडे फेसाचे चौकोन विकतात. आम्ही कापसाच्या मुलखात राहतो, आम्हाला त्यांची काय गरज? फरशीवर सतरंजी आली, खिडकीला दुहेरी कापडाचा पडदा आला, आणि बैठकीच्या मागच्या भिंतीवर सासूबाईंच्या हातची जाड गोधडी दांडीला टांगली. सासूबाई आधी म्हणाल्या, “भिंतीवर गोधडी? लोक म्हणतील वाळत घातली.” मग त्यांनीच पेटीतली नवी, ठिपक्यांच्या नक्षीची काढून दिली, आणि आता येणारा प्रत्येक पाहुणा तिचेच कौतुक करतो, रिसीव्हरकडे कोणी पाहत नाही. दोन-तीन इंच जाडीचा कापूस मधल्या आणि वरच्या पट्टीचा घुमारा छान पितो. खर्जापुढे तो हतबल आहे, पण खर्ज आमच्याकडे होताच कुठे? पुन्हा टाळी वाजवली तेव्हा ती नुसती ‘टप’ झाली.

वायर आम्ही घराच्या वायरिंगला वापरतात तीच घेतली, दीड चौरस मिलिमीटरची, लवचिक, अस्सल तांब्याची. चाकूने खरवडून आत पांढरे दिसले तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची, ती परत करावी. सोन्याच्या पिना लावलेली हजारोंची वायर पाच-सहा मीटरच्या अंतराला काही जास्त देत नाही. एक मात्र जपायचे: यंत्राचा तांबडा खुंट स्पीकरच्या तांबड्या खुंटालाच. एखादी वायर उलटी लागली तर एक स्पीकर हवा पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो, आणि गाणे पोकळ, पातळ ऐकू येते. संशय आला तर यंत्रापासून सोडवलेल्या त्या वायरीच्या टोकांना भिंतीवरच्या घड्याळातला दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवावा. स्पीकरचा कागदी पडदा पुढे आला तर वायर बरोबर. हा प्रयोग मी आठवीच्या वर्गातही करून दाखवते.

मधला स्पीकर संचाखाली, पण टेबलाच्या कडेशी ठेवला आणि त्याच्या पुढच्या पायांखाली सुताराकडची लाकडी पाचर सरकवली, म्हणजे त्याचे तोंड मामंजींच्या आरामखुर्चीकडे वर झाले. त्याला फडताळात कोंबून वर लोकरीचा रुमाल टाकण्याची पद्धत मी दोन घरांत पाहिली आहे. त्यापेक्षा तो न घेतलेला बरा. मग यंत्रात जाऊन मधल्या ओळीचा आवाज तीन डेसिबलने चढवला. संचाच्या यादीत आवाजाचा प्रकार ‘पी.सी.एम.’ असा होता. तो बदलून ‘डॉल्बी डिजिटल’ केला. हे केले नाही, तर पुष्कळ संच दोनच ओळी बाहेर सोडतात, आणि माणसे वर्षानुवर्षे ५.१ समजून साधेच ऐकत बसतात.

एक अडचण उरली होती. मामंजींचे सिनेमे १९५०-६० चे. त्यांत ५.१ कुठले? तेव्हाच्या मराठी चित्रपटांना ध्वनीची एकच ओळ, आणि चित्रगृहात ती पडद्यामागच्या कर्ण्यातून येई. आज घरी तो चित्रपट लावला की तीच ओळ डाव्या-उजव्या दोन्ही स्पीकरांना सारखी वाटली जाते. यावर रिसीव्हरमध्ये एक जुनी, गुणी सोय असते. ‘डॉल्बी सराउंड’, ‘प्रो लॉजिक’ अशा नावांनी ती यादीत सापडते. दोन्ही बाजूंना जे सारखे आहे ते वेगळे काढून ती मधल्या स्पीकरला देते. एकच ओळ असलेला अख्खा चित्रपट मग मधूनच बोलू लागतो, जसा तो टॉकीजमध्ये बोलत असे.

वसुबारसेच्या रात्री अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ लावला, १९५९ चा. पुण्याच्या विजयानंद चित्रगृहात १३१ आठवडे चाललेला. मामंजी आरामखुर्चीत, कानातले यंत्र उशाशी. पहिली पाच मिनिटे मी पडद्याकडे पाहिलेच नाही. ते जरा पुढे झुकून बसले होते. एक संवाद झाला आणि ते हसले. आमच्या आधी हसले! मग वळून मुलांना सांगू लागले, की आता पुढे काय होणार ते ऐका. मुले “आबाजी, सांगू नका ना!” म्हणून ओरडली. मध्यंतरापर्यंत कोणालाही झोप आली नाही. तेवढ्यात ढोलकी वाजली तशी ते कपाळाला आठ्या घालून म्हणाले, “सूनबाई, आवाज थोडा कमी करा न. मी का बहिरा हाओ?”

सगळे समजते असे नाही. नव्या मालिकांत पुटपुटणारे नट आहेत, त्यांचे बोलणे मलाही समजत नाही, आणि त्याला कोणत्याही कंपनीच्या रिसीव्हरवर इलाज नाही. सासूबाईंनी सकाळच्या अभंगांसाठी मोबाइल बिनतारीने जोडायला शिकून घेतले आहे. त्यांचे मत असे, की यंत्र आले ते मुळात त्यांच्यासाठीच. समोरच्या काकूंची नात आता वर्षाची होत आली आणि एकदाही दचकून उठली नाही, हे काकूंनी स्वतः येऊन सांगितले.

मागच्या दोन स्पीकरांच्या वायरी आम्ही दिवाळीच्या रंगाआधी भिंतीतून घालून ठेवल्या होत्या. या वर्षीच्या सोयाबीनवर ते घ्यावेत असा मुलांचा ठराव आहे आणि तो मंजूर होण्याची चिन्हे नाहीत, कारण विहिरीवरची मोटार जळाली आहे. तूर्त भिंतीतून बाहेर डोकावणाऱ्या दोन टोकांपैकी एकावर सासूबाईंनी कालनिर्णय टांगले आहे, आणि दुसऱ्यावर मामंजींचा तो हेडफोन.